यंत्रमल्लांचा आखाडा

हैदराबादेतील नल्लकुंटा हे नाव तेलुगू आहे. ‘नल्ल’ म्हणजे काळे आणि ‘कुंटा’ म्हणजे तळे. आज हा भाग ओळखला जातो तो तेथील फीव्हर हॉस्पिटलमुळे आणि उस्मानिया विद्यापीठाच्या शेजारामुळे. भाड्याच्या खोलीत राहून शिकणारे विद्यार्थी येथे पुष्कळ. तेलुगू मुले ज्याला ‘बोंगरम्’ म्हणतात, तो मराठी मुलांचा भोवरा. रिंगणात पडलेल्या दुसऱ्याच्या भोवऱ्यावर आपल्या भोवऱ्याची आर नेमकी आदळावयाची, आणि साधल्यास तो फोडावयाचा, हा खेळ दोन्ही भाषांतील मुलांना सारखाच ठाऊक आहे. नल्लकुंट्यासारख्या वस्तीत, अभियांत्रिकीच्या एखाद्या विद्यार्थ्याच्या टेबलावर, या भोवऱ्याचा एक दूरचा नातलग तयार होऊ शकतो. त्याचे नाव लढाऊ रोबो.

काटेकोरपणे पाहिले तर रोबो हे नाव या यंत्राला थोडे मोठेच पडते. ते स्वतः विचार करीत नाही. आखाड्याबाहेर उभा असलेला चालक रेडिओलहरींनी त्याला हुकूम देतो आणि ते दोन किंवा चार चाकांवर धावते. समोरच्या यंत्राला ढकलणे, उलथविणे अथवा फिरत्या पात्याने निकामी करणे, एवढेच त्याचे कर्तव्य. डावाची मुदत दोन-तीन मिनिटांची असते.

अमेरिकेतील डेन्व्हर शहरी १९८७ साली ‘क्रिटर क्रंच’ नावाने अशी झुंज भरली. १९९४ साली सॅन फ्रान्सिस्कोत मार्क थॉर्प यांनी ‘रोबोट वॉर्स’ भरविले आणि पुढे दूरचित्रवाणीने हा खेळ घरोघर नेला. आपल्याकडे तो रुजला तो महाविद्यालयांच्या तंत्रोत्सवांतून. पवईच्या आयआयटीत १९९८ साली सुरू झालेल्या ‘टेकफेस्ट’मधील रोबोवॉर्स पाहावयास मोठी गर्दी लोटत आलेली आहे. तेथे साठ किलोपर्यंतची यंत्रे उतरली; पण साठ किलोचे यंत्र खोलीत बांधता येत नाही आणि एका विद्यार्थ्याच्या खिशाला परवडतही नाही. म्हणून छंद म्हणून जो वाढला तो लहान गट. ब्रिटनमध्ये १५० ग्रॅमचा, अमेरिकेत एक पौंडाचा आणि तीन पौंडांचा, म्हणजे १.३६ किलोचा.

या खेळातला खरा पंच वजनकाटा होय. ब्राझीलमधील रिओ येथील विद्यापीठाचे प्राध्यापक मार्को आंतोनियो मेजिओलारो यांनी आपल्या चमूच्या अनुभवावरून २००९ साली एक सविस्तर मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. तिच्यात वजनाच्या वाटणीचा एक ठोकताळा आहे: चाके व त्यांच्या मोटारी यांना शंभरात तीस भाग, शस्त्राला तीस, सांगाडा व चिलखत यांना पंचवीस, आणि बॅटरी व विद्युत्सामग्रीला पंधरा. १,३६० ग्रॅमच्या यंत्रात याचा अर्थ शस्त्राला, त्याच्या मोटारीसह, सुमारे ४०८ ग्रॅम. पाते थोडे जाड करावे असे वाटले की ते ग्रॅम कुणाच्या तरी वाट्यातून काढावे लागतात. महिनाअखेरीस संसाराचा हिशेब जुळविणाऱ्या गृहिणीला हे नव्याने सांगावयास नको.

साहित्य हैदराबादेत दुर्मीळ नाही. कोठीच्या गुजराती गल्लीत विजेचे सुटे भाग मिळतात. बोल्ट, बेअरिंगे आणि पोलादाच्या पट्ट्या यांसाठी सिकंदराबादचे राणीगंज आहे. रायदुर्ग येथे २ मार्च २०२३ रोजी उद्घाटन झालेले ‘टी-वर्क्स’ हे नमुने घडविण्याचे मोठे केंद्रही या शहरातच आहे. पण सांगाड्यासाठी पुष्कळ हौशी लोक स्वयंपाकघराकडेच वळतात. भाजी चिरण्याचा जाड प्लॅस्टिकचा पाट हलका, चिवट आणि घाव झेलणारा असतो. लोखंड वाकले की वाकडेच राहते. हा पाट दबतो आणि बराचसा पूर्वपदावर येतो.

शस्त्राचे सामर्थ्य मात्र भोवऱ्याच्याच नियमाने चालते. २०० ग्रॅम वजनाची, १५ सेंटिमीटर लांबीची पोलादी पट्टी मध्यावर बसवून मिनिटाला दहा हजार फेऱ्यांनी फिरविली, तर तिच्यात सुमारे २०५ ज्यूल ऊर्जा साठते. एक किलोचे वजन सात मजली इमारतीच्या गच्चीवरून सोडले, तर जमिनीशी पोहोचताना त्याच्यात जवळपास एवढाच जोर असतो. पट्टीचे टोक त्या वेळी ताशी २८० किलोमीटरहून अधिक वेगाने धावत असते. फेऱ्या दुप्पट केल्या तर ऊर्जा चौपट होते. वजन तेच ठेवून लांबी दुप्पट केली तरी चौपट.

हे कळल्यावर नवशिका फेऱ्याच वाढवीत सुटतो, आणि येथेच त्याची फसगत होते. पट्टीला दोन टोके असल्यामुळे दहा हजार फेऱ्यांना सेकंदात ३३३ वेळा टोक समोरून जाते. यंत्र सेकंदाला तीन मीटर वेगाने चालून गेले, तर दोन टोकांच्या मधल्या क्षणात ते केवळ नऊ मिलिमीटर पुढे सरकते. म्हणजे पाते प्रतिपक्षाच्या अंगात फार तर तेवढेच शिरणार. प्रत्यक्षात ते पुष्कळदा नुसते घासून ठिणग्या उडविते. प्रेक्षक टाळ्या वाजवितात, समोरचे यंत्र मात्र शाबूत राहते. फेऱ्या निम्म्या केल्या की शिरकाव अठरा मिलिमीटर होतो, पण ऊर्जा एक चतुर्थांश उरते. यावर जाणत्यांनी काढलेला तोडगा सुंदर आहे: दात एकच ठेवावयाचा आणि दुसऱ्या बाजूस तोल सांभाळण्यापुरते वजन द्यावयाचे. फेऱ्या कमी न करता शिरकाव दुप्पट होतो. या छंदातील ‘सुधारणा’ म्हणजे बहुधा असा विचार असतो. महागडी मोटार आणणे ही त्यातली सर्वांत आळशी सुधारणा.

शिवाय न्यूटनचा तिसरा नियम दोन्ही पक्षांना सारखाच लागू. जेवढा घाव द्यावा तेवढाच आपल्याही अंगात उलटतो. म्हणून मोटार पात्याला थेट न जोडता पट्ट्याने जोडतात. धक्का बसला की पट्टा क्षणभर घसरतो आणि मोटारीचा प्राण वाचतो. चाके फोमची करतात, कारण ताठ चाकातून आलेला हादरा गिअरचे दात उडवितो. बोल्टांच्या आट्यांवर पकड घट्ट धरणारा द्रव लावतात. आणि तरीही पराभवाचे कारण शोधू गेल्यास पाते, चिलखत सर्व ठीक असते, सुटलेला असतो तो डाख दिलेला एक तारेचा सांधा. उभे चक्र असलेल्या यंत्रात आणखी एक चमत्कार दिसतो. ते झटकन वळविले की एका बाजूचे चाक जमिनीवरून उचलले जाते. कललेला भोवरा न पडता ज्या कारणाने डोलत राहतो, तेच हे कारण. चालकाला हे ठाऊक नसेल तर त्याचा रोबो शत्रूवाचूनच उलटा होतो.

वर सांगितलेले २०५ ज्यूल हे खोलीतील बोटांना आणि डोळ्यांनाही ठाऊक असावयास हवेत. यंत्र दीड किलोच्या आतले असले तरी पाते खोलीत, अंगणात किंवा गच्चीवर उघड्यावर फिरवू नये. त्यासाठी पॉलिकार्बोनेटची बंद पेटी लागते; काच किंवा ॲक्रिलिक चालत नाही, कारण ती तडकून त्यांच्या कपच्याच उडतात. काम करताना पाते खिळीने अडकवून ठेवावयाचे. रेडिओचा संबंध तुटताच यंत्र आपोआप थांबले पाहिजे, हे झुंजीपूर्वी तपासले जाते. बॅटरीचे तर अधिकच सांभाळावे लागते. ११.१ व्होल्ट आणि ४५० मिलिअँपिअर-तास क्षमतेच्या चिमुकल्या लिथियम बॅटरीत सुमारे अठरा हजार ज्यूल असतात. तिला खिळा लागला किंवा ती गरजेपेक्षा अधिक भरली गेली, तर ती पेट घेते. रात्री झोपताना, गादीवर, अथवा घरात कोणी नसताना ती भारण्यास लावणे हा शुद्ध अविचार होय. फुगलेली बॅटरी ‘अजून एक डाव चालेल’ म्हणून वापरू नये. वाळूची बादली जवळ असावी.

डाव संपल्यावर क्रमही ठरलेला असतो. आधी पात्याला खिळी, मग वीजजोड काढणे, आणि त्यानंतरच झाकण उघडणे. वाकलेला दांडा बदलला, नवा पट्टा चढविला, फुटलेल्या कोपऱ्यावर पाटाचा नवा तुकडा बसविला की यंत्र पुन्हा काट्यावर जाते. तेथे ते चार ग्रॅमने जड भरते, आणि पुढचा डाव लागण्यापूर्वी पाटाच्या त्या नव्या तुकड्याला गिरमिटाने भोके पाडण्याचे काम सुरू होते.