उष्ण कटिबंधातील पर्जन्यजल व त्यातील स्थिर समस्थानिकांचे मापन

पर्जन्यमापकावरून पावसाचे मान कळते. त्या पावसाचा पूर्वेतिहास कळत नाही. तो अंशतः पाण्याच्या रेणूंतच नोंदलेला असतो. सामान्य पाण्याच्या रेणूचा रेणुभार १८ असतो. परंतु थोड्या रेणूंत हायड्रोजनच्या जागी ड्यूटेरियम, तर काहींत ऑक्सिजन-१६ च्या जागी ऑक्सिजन-१८ आढळतो, व त्यांचा रेणुभार अनुक्रमे १९ व २० होतो. हे समस्थानिक किरणोत्सर्गी नसल्याने त्यांना स्थिर म्हणतात.

जड रेणूंचा बाष्पदाब किंचित कमी असतो. त्यामुळे बाष्पीभवनाच्या वेळी ते मागे राहतात व सांद्रीभवनाच्या वेळी आधी द्रवरूप होतात. २५ अंश सेल्सियस तापमानास पाण्याशी समतोल असलेल्या बाष्पात ऑक्सिजन-१८ चे प्रमाण पाण्यातील प्रमाणापेक्षा हजारी सुमारे ९ ने कमी असते. ढगातून पाऊस पडत गेला म्हणजे उरलेले बाष्प जड समस्थानिकांच्या दृष्टीने उत्तरोत्तर दरिद्री होत जाते.

हे फरक इतके सूक्ष्म आहेत की ते निरपेक्ष प्रमाणाने न सांगता प्रमाण-सागरजलाशी तुलना करून दर हजारी सांगतात. या मूल्यास डेल्टा म्हणतात. प्रमाणजलात ऑक्सिजन-१६ च्या दहा लक्ष अणूंमागे ऑक्सिजन-१८ चे सुमारे २००५ अणू असतात. डेल्टा उणे ५ असेल, तर ही संख्या सुमारे १९९५ होते. मापनातील अनिश्चितता हजारी ०.१ च्या आसपास ठेवावयाची, म्हणजे दहा लक्षांत ०.२ इतका फरक ओळखावयाचा. पूर्वी हे काम केवळ द्रव्यमान-वर्णपटमापकाने होत असे. त्यासाठी पाण्याचा कार्बन डायऑक्साइडशी समतोल साधून त्या वायूचे मापन करीत. आता लेसर-शोषणावर आधारलेली उपकरणे पाण्याच्या बाष्पावरच दोन्ही समस्थानिक मोजतात.

तथापि यंत्राची अचूकता नमुन्याच्या शुद्धतेहून अधिक उपयोगी पडत नाही. उष्ण हवेत संग्राहकातील पाण्याचे थोडे बाष्पीभवन झाले, तरी हलके रेणू निघून जातात व डेल्टा वाढतो. म्हणून पाण्यावर द्रव पॅराफिनचा थर देतात, किंवा पाणी अरुंद नळीतून बाटलीच्या तळाशी सोडतात. नंतर बाटली काठोकाठ भरून घट्ट बंद करतात. महिन्याचे सरासरी मूल्य काढताना पावसाचे मानही जमेस धरावे लागते. समजा, एके दिवशी ८० मिलिमीटर पाऊस पडून डेल्टा उणे ६ आला व दुसऱ्या दिवशी २० मिलिमीटर पडून उणे १ आला. तर साधी सरासरी उणे ३.५ येते, पण खरी सरासरी उणे ५ होय.

हार्मन क्रेग यांनी १९६१ मध्ये दाखविले की, नैसर्गिक जलांतील ड्यूटेरियमचा डेल्टा साधारणतः ऑक्सिजन-१८ च्या डेल्टाच्या आठपट अधिक १० इतका असतो. बाष्पीभवन झालेले पाणी या रेषेखाली सरकते. त्यामुळे सदोष नमुना संशयास्पद ठरू शकतो. परंतु कोरड्या हवेतून पडणाऱ्या थेंबांचेही असेच बाष्पीभवन होते. दोष थेंबाचा की बाटलीचा, हे ठरविण्यासाठी ज्ञात घटनेचे पाणी तशाच संग्राहकात तितकाच काळ ठेवून पुन्हा मोजणे इष्ट होय.

आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था व जागतिक हवामान संघटना यांनी १९६० च्या सुमारास सुरू केलेल्या नमुनासंग्रहाच्या आधारे विली डान्सगार्ड यांनी १९६४ मध्ये 'प्रमाण-परिणाम' मांडला. उष्ण कटिबंधात तापमान फारसे बदलत नाही. तेथे ज्या महिन्यात पाऊस अधिक, त्या महिन्यात डेल्टा कमी, असा संबंध अनेक ठिकाणी, विशेषतः बेटांवर, दिसतो. याच संबंधाच्या आधारे गुहांतील चुनखडीच्या स्तंभांवरून गतकाळातील मॉन्सूनचे मान अनुमानिले जाते.

येथेच सावधगिरी हवी. डेल्टा केवळ त्या स्थळीच्या पावसावर अवलंबून नसतो. बाष्प ज्या मार्गाने आले तेथे किती पाऊस पडला, तसेच ढगांचे स्वरूप कोणते होते, यांचाही त्यात वाटा असतो. सह्याद्रीतील पर्जन्यात तर याच्या उलट, म्हणजे पावसाबरोबर डेल्टा वाढण्याचा, संबंध आढळल्याचे 'करंट सायन्स' या नियतकालिकात २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. अशा प्रदेशात प्रमाण-परिणाम गृहीत धरल्यास एखादे सुवृष्टीचे शतक अवर्षणाचे ठरेल. म्हणून जुन्या स्तंभांचे वाचन करण्यापूर्वी त्याच परिसरातील आजच्या पावसाचे, दिवसागणिक व अनेक वर्षे, काळजीपूर्वक मापन करणे अगत्याचे आहे.