भिरभिऱ्याची करामत

मुलांनो, घाट चढणाऱ्या ट्रकमधून कधी बारीक शिट्टी ऐकलीत? ती टर्बोचार्जरची! डिझेल जळायला हवा लागते. हवा जास्त, तर डिझेलही जास्त जाळता येतं आणि जोर वाढतो. म्हणून इंजिनातून बाहेर पडणाऱ्या तापलेल्या वायूंवर एक भिरभिरं फिरवतात. त्याच दांड्यावरचं दुसरं भिरभिरं हवा दाबून इंजिनात कोंबतं. मिनिटाला लाखाच्या वर फेरे, बरं का! या युक्तीचं पेटंट स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूखी यांनी १९०५ साली घेतलं.

अमेरिकेत पिकअप गाड्यांचा जोर वाढवायचं अनेकांना वेडच आहे. १९८९ च्या डॉज रॅममधलं ५.९ लिटरचं कमिन्स डिझेल इंजिन मुळात १६० अश्वशक्तीचं. पंपाचा स्क्रू फिरवला की त्यात जादा डिझेल जाई; नव्या गाड्यांत हे काम संगणक करतो. सोबत मोठा टर्बो बसवतात. पण मोठं भिरभिरं जड. पॅडल दाबलं तरी गाडी क्षणभर विचारच करत बसते!

आणि हवेपेक्षा डिझेल वाढलं तर? काळाकुट्ट धूर. आतली उष्णता इतकी वाढते, की पिस्टनही वितळतो. जाणता मेकॅनिक म्हणूनच धुराच्या वाटेवर तापमापक बसवतो.

काहीजण मात्र धूर गाळणारी यंत्रणाच काढून टाकतात. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या २०२० च्या अहवालानुसार, दहाएक वर्षांत साडेपाच लाखांहून अधिक डिझेल पिकअपमधून ती काढली गेली. ही कसली हौस? जोर यांच्या गाडीला, काजळी मागच्या सायकलवाल्याच्या छातीत!