कंपायलर पॅकेजचे अद्ययावतीकरण आणि अवलंबित्वातील सुरक्षा

उद्दिष्टे

या भागाच्या अध्ययनानंतर तुम्हाला :
• अवलंबित्व ही संकल्पना स्पष्ट करता येईल.
• सुरक्षा-त्रुटीच्या इशाऱ्याचा अर्थ लावता येईल.
• अद्ययावतीकरणाचा योग्य क्रम सांगता येईल.

१. प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, नियतकालिकाचे संकेतस्थळ, शब्दकोशाचे अ‍ॅप, ग्रंथालयाची ऑनलाइन सूची अशा कामांत भाषेचे अभ्यासकही आता सहभागी होतात. मजकुराच्या शुद्धतेची काळजी आपण घेतो. परंतु तो मजकूर ज्या प्रणालीवर उभा असतो ती असुरक्षित असेल, तर मजकुरात परस्पर बदल होऊ शकतात आणि वाचकांनी विश्वासाने दिलेली माहितीही बाहेर जाऊ शकते. म्हणून हा विषय केवळ तंत्रज्ञांवर सोपवून चालत नाही.

२. अवलंबित्व म्हणजे काय?

छत्रपती संभाजीनगरात मलिक अंबरने सतराव्या शतकात उभारलेल्या नहर-ए-अंबरीचे उदाहरण घ्या. हौदात पडणारे पाणी सर्वांना दिसे. ते शहराबाहेरून ज्या भूमिगत मार्गाने येई तो मात्र दिसत नसे. पाण्याची शुद्धता त्या न दिसणाऱ्या मार्गावरही अवलंबून होती.

जावास्क्रिप्टच्या प्रकल्पात असेच घडते. आपण एक पॅकेज मागवतो. ते दुसऱ्यावर आणि दुसरे तिसऱ्यावर विसंबलेले असते. आपण स्वतः निवडलेली पॅकेजे मोजकी असली, तरी प्रत्यक्षात शेकडो पॅकेजे संगणकावर येऊ शकतात. यांतील कोणत्याही एका पॅकेजमधील त्रुटी ही आपल्या प्रकल्पातील त्रुटी ठरू शकते.

३. बॅबेलचे उदाहरण

बॅबेल हा कंपायलर नव्या रूपातील जावास्क्रिप्टचे जुन्या ब्राउझरांना समजेल अशा रूपात रूपांतर करतो. त्याच्या ‘ट्रॅव्हर्स’ या घटकातील एक अतिगंभीर त्रुटी ऑक्टोबर २०२३ मध्ये जाहीर झाली. मुद्दाम घातक रीतीने रचलेला कोड विशिष्ट प्लगइनांसह कंपाइल केल्यास, कंपाइल करणाऱ्या संगणकावरच हल्लेखोराच्या आज्ञा चालू शकत होत्या. ७.२३.२ या आवृत्तीत ती दुरुस्त करण्यात आली.

येथे दोन गोष्टी लक्षात घ्या. पहिली म्हणजे, धोका वापरावर अवलंबून होता. केवळ स्वतःचा, विश्वासार्ह कोड कंपाइल करणाऱ्यास त्याची झळ पोहोचत नव्हती. पण कोणीही पाठवलेला कोड सर्व्हरवर कंपाइल करणाऱ्या संकेतस्थळासाठी तोच धोका गंभीर होता.

दुसरी गोष्ट नावाची. २०१८ मध्ये आलेल्या सातव्या आवृत्तीपासून बॅबेलच्या पॅकेजांची नावे बदलली. आपल्या शहराचे नाव २०२३ मध्ये अधिकृतपणे बदलले, तरी जुन्या नावाने पाठवलेले पत्र याच शहरात पोहोचते. पॅकेजच्या बाबतीत तसे होत नाही. जुने नाव लिहिले की जुनेच पॅकेज येते, आणि सहाव्या आवृत्तीच्या ‘ट्रॅव्हर्स’साठी ही दुरुस्ती उपलब्ध नाही.

४. नवे म्हणजे सुरक्षित काय?

नेहमीच नाही. २०१८ मध्ये ‘इव्हेंट-स्ट्रीम’ या लोकप्रिय पॅकेजची देखभाल एका नव्या व्यक्तीकडे गेली. तिने त्याला जोडलेल्या दुसऱ्या पॅकेजमधून बिटकॉइन चोरण्यासाठी लिहिलेला कोड आत आणला. ज्यांनी त्या काळात डोळे झाकून नवी आवृत्ती घेतली, त्यांच्याकडे तो कोडही आला. जुन्याला चिकटून राहणे जसे घातक, तसेच न पाहता नवे स्वीकारणेही घातक असते.

५. कार्यपद्धती

(अ) इशारा वाचा. ‘एनपीएम ऑडिट’ ही आज्ञा ज्ञात त्रुटींची यादी देते, तर ‘एनपीएम एक्सप्लेन’ एखादे पॅकेज कोणामुळे आले ते दाखवते.

(आ) धोका तोला. हे पॅकेज केवळ बांधणीच्या वेळी वापरले जाते की वाचक संकेतस्थळ वापरत असतानाही? त्याच्याकडे येणारा कोड कोणाचा असतो?

(इ) आवृत्तीचे आकडे पाहा. ७.२३.२ मध्ये ७ हा मुख्य आवृत्तीचा, २३ हा नव्या सुविधांचा आणि २ हा दुरुस्तीचा आकडा आहे. पहिला आकडा बदलल्यास जुना कोड मोडण्याची शक्यता असते. ‘एनपीएम ऑडिट फिक्स’ ही आज्ञा ठरवून दिलेल्या मर्यादेत बदल करते. तिला ‘फोर्स’ जोडल्यास ती मर्यादा ओलांडली जाऊ शकते.

(ई) चाचणी घ्या. प्रथम मूळ प्रकल्पाची प्रत ठेवा. बदलानंतर जोडाक्षरे, अनुस्वार व देवनागरी अंक असलेले शब्द शोधून पाहा.

(उ) नोंद जपा. ‘लॉक फाइल’मध्ये प्रत्येक पॅकेजची नेमकी आवृत्ती नोंदलेली असते. ही फाइल प्रकल्पासोबत ठेवा आणि ‘एनपीएम सीआय’ वापरून त्याच आवृत्त्या पुन्हा मिळवा. भारताच्या ‘सर्ट-इन’ या संस्थेनेही २०२४ मध्ये सॉफ्टवेअरमधील घटकांची सूची ठेवण्याविषयी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या आहेत.

६. सारांश

सुरक्षा-इशारा दुर्लक्षू नये आणि यांत्रिकपणे पाळूही नये. पॅकेज कोठून आले, कोणाचा कोड हाताळते आणि बदलाने काय मोडेल, हे तीन प्रश्न विचारून घेतलेला निर्णयच टिकतो. पाठभेद तपासल्याशिवाय संहिता न स्वीकारण्याची शिस्त साहित्याच्या अभ्यासकाला असतेच. तीच येथे उपयोगी पडते.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. बॅबेलमधील त्रुटीचा धोका सर्वांना सारखा का नव्हता?
२. ‘नवी आवृत्ती नेहमीच सुरक्षित असते’ या विधानाची सोदाहरण चर्चा करा.