झाडांची खानेसुमारी

नागपूरचा उन्हाळा कोणास ठाऊक नाही? वैशाखात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि भर दुपारी रस्ते ओस पडतात. अशा वेळी वाटेवर कडुनिंबाची गार सावली लाभली, म्हणजे झाडाचे मोल वाटसरूस निराळे सांगावे लागत नाही. परंतु मुलांनो, अशी सावली देणारी झाडे आपल्या नगरात किती आहेत? त्यांतील एखादे उद्या नाहीसे झाले, तर ते कोणास कळेल?

गुराखी सायंकाळी गुरे मोजूनच गोठ्यात बांधतो. ज्याची मोजदाद नाही, ते हरवले तरी उमगत नाही. म्हणूनच महाराष्ट्रात १९७५ साली नागरी भागांतील झाडांच्या रक्षणाचा कायदा झाला. दर पाच वर्षांनी वृक्षगणना करावी, असे तो सांगतो. नागपूरच्या २०११-१२ मधील गणनेत सुमारे २१ लाख झाडे आढळली.

इतक्या झाडांची नोंद वहीत ठेवली, तर हवे ते झाड शोधावे कसे? येथे संगणक साहाय्यास येतो. गणना करणारा मनुष्य झाडापाशी उभा राहतो. त्याच्या हातातील यंत्र सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरणाऱ्या उपग्रहांचे संदेश ग्रहण करते. संदेश पोहोचण्यास लागलेल्या वेळावरून उपग्रहाचे अंतर कळते आणि निदान चार उपग्रहांच्या अंतरांवरून ती जागा निश्चित होते. त्या जागेबरोबर झाडाची जात, खोडाचा घेर, उंची व प्रकृती नोंदली, की संगणकातील नकाशावर त्या झाडाचा एक ठिपका उमटतो. मुंबईतील सुमारे २९ लाख ७५ हजार झाडांची गणना याच साधनांनी झाली.

झाडांची पाहणी आकाशातूनही करता येते. हिरवे पान अन्न तयार करण्यासाठी तांबडा प्रकाश शोषून घेते; परंतु डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण ते मोठ्या प्रमाणात परतवते. पान सुकू लागले, की हे प्रमाण पालटते. उपग्रहाने घेतलेल्या चित्रांतील या दोन प्रकाशांची तुलना करून संगणक हिरवाई कोठे दाट आहे व कोठे विरळ होत आहे, ते दाखवितो. उपग्रहचित्रांचा असा अभ्यास करणारे महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र नागपुरातच आहे.

या नोंदींचे महत्त्व मोठे आहे. २०२१ साली कायद्यात सुधारणा होऊन पन्नास वर्षे वा अधिक वयाच्या झाडांस वारसावृक्ष मानण्यात आले. तसेच तोडलेल्या झाडाचे जितके वय, तितकी नवी झाडे लावावीत, असे ठरले. परंतु झाडाची नोंदच नसेल, तर त्याचे वय कोण सांगणार? नोंद हीच मुक्या झाडाची साक्ष होय.

तथापि, यंत्रालाही मर्यादा आहेत. दाट झाडीत जागेची नोंद काही मीटरांनी चुकते. वरून हिरवागार दिसणारा वृक्ष आतून पोखरलेला असू शकतो. बुंध्याभोवती सिमेंट घातल्यामुळे पाणी व हवा मुळांपर्यंत पोहोचत नाही, हेही आकाशातून दिसत नाही. ते पाहण्यास झाडापाशीच जावे लागते. संगणक झाड कोठे आहे हे सांगेल. त्याच्या आळ्यात पाणी मात्र माणसानेच घातले पाहिजे.

आपल्या शाळेच्या आवारात किती झाडे आहेत? त्यांची नावे तुम्हांस सांगता येतील काय? आजच एक वही घ्या, दोरीने प्रत्येक खोडाचा घेर मोजा आणि लिहून ठेवा. पुढील वर्षी पुन्हा मोजाल, तेव्हा कोणते झाड वाढले आणि कोणते हरवले, हे तुमची वहीच सांगेल.