स्वमग्नता : दोष आईचा नव्हे

मूल दोन वर्षांचे झाले तरी हाकेला वळून पाहत नाही, नजरेला नजर देत नाही, गाडीचे एकच चाक तासन्‌तास फिरवत बसते. डॉक्टर 'स्वमग्नता' म्हणजेच ऑटिझमचे निदान करतात आणि घरात कुजबुज सुरू होते, "दिवस असताना हिने पथ्यपाणी सांभाळले नाही." आधीच खचलेल्या आईवर हा दुसरा घाव असतो.

१९४३ मध्ये अमेरिकेत डॉ. लिओ कॅनर यांनी ११ मुलांच्या नोंदींवरून या अवस्थेचे वर्णन केले. त्यानंतर बरीच वर्षे आईची माया कमी पडल्याने मूल असे होते, असे तिकडेही मानले जाई. १९६४ मध्ये बर्नार्ड रिमलँड या मानसशास्त्रज्ञांनी हे मत खोडून काढले. ते स्वतः एका स्वमग्न मुलाचे वडील होते. यात सर्वांत मोठा वाटा आनुवंशिकतेचा असतो, असे आज शास्त्र मानते आणि ती आईवडील दोघांकडून येते. तरीही काही बाबतींत आधीपासून काळजी घेता येते.

फॉलिक अ‍ॅसिडची गोळी

नॉर्वेतील ८५,१७६ मुलांची पाहणी २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली. गरोदरपणाच्या सुमारास फॉलिक अ‍ॅसिड घेतलेल्या मातांच्या मुलांत तीव्र स्वमग्नतेचे प्रमाण हजारी १, तर न घेतलेल्यांच्या मुलांत हजारी २ आढळले. एवढ्यावरून गोळीने स्वमग्नता टळते असे सिद्ध होत नाही. पण बाळाच्या पाठीच्या कण्यातील दोष या गोळीने टळतात, हे मात्र सिद्ध झाले आहे. कण्याची जडणघडण पहिल्या चार आठवड्यांतच होते, म्हणून मूल हवे असे ठरताच डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळी सुरू करावी.

औषधे, संसर्ग आणि हवा

फिट्सवरील व्हॅल्प्रोएट हे औषध गरोदरपणात घेतल्यास धोका वाढतो. डेन्मार्कच्या २०१३ च्या अभ्यासात अशा मुलांत हे प्रमाण ४.४ टक्के, तर एकूण मुलांत १.५ टक्के होते. मात्र औषध मनाने बंद करू नये. फिट येणेही आई व बाळ दोघांना घातक असते. औषध बदलायचे तर ते गर्भधारणेपूर्वीच, डॉक्टरांना विचारून.

गरोदरपणात रुबेला झाला तरी धोका संभवतो. त्याची लस मात्र गरोदर राहण्याआधीच घ्यावी लागते. दूषित हवेचाही स्वमग्नतेशी संबंध काही पाहण्यांत दिसला आहे. निदान घरातला विडी-सिगारेटचा आणि चुलीचा धूर तरी घरच्यांनी टाळावा.

लशीला घाबरू नका

गोवराच्या लशीमुळे स्वमग्नता होते, ही भीती १९९८ मधील एका लेखातून पसरली. केवळ १२ मुलांवर आधारलेला तो लेख 'लॅन्सेट' या नियतकालिकाने २०१० मध्ये मागे घेतला. डेन्मार्कमध्ये ६,५७,४६१ मुलांच्या पाहणीत (२०१९) असा संबंध आढळला नाही.

पथ्यांचा बाजार

निदान झाल्यावर गहू-दूध बंद करण्याचे सल्ले मिळतात. त्याने स्वमग्नता बरी होते याला ठोस पुरावा नाही. उलट, वाढत्या वयात मुलाला कॅल्शियम व प्रथिने कमी पडू शकतात. शरीरातले 'विष' काढण्याच्या उपचारात तर २००५ मध्ये अमेरिकेत एका ५ वर्षांच्या मुलाचा जीव गेला.

तोच पैसा आणि वेळ वाचा-उपचार, खेळातून शिकवणे आणि स्वावलंबनाच्या सवयी यांसाठी खर्च करावा. हे जितके लवकर सुरू होईल तितके चांगले. पतीने आणि सासू-सासऱ्यांनी आईला बोल लावण्याऐवजी रोज तासभर जरी मुलाला सांभाळले, तरी तिला मोठा आधार मिळेल.