पित्ताची गोळी : कशासाठी आणि किती दिवस?

सकाळी उठलं की चहाच्या आधी पित्ताची गोळी, हा कित्येक घरांतला नेम झालाय. कुणी पाच वर्षं घेतंय, कुणी दहा. मला लोक विचारतात, ही गोळी वाईट का हो? मी सांगतो, गोळी चांगली आहे. पण ती कशासाठी सुरू झाली आणि किती दिवसांसाठी, हे कुणी विचारत नाही. आज आपण तेवढंच बघणार आहोत.

आपल्या जठराच्या अस्तरात आम्ल तयार करणाऱ्या पेशी असतात आणि त्या पेशींत आम्ल बाहेर टाकणारे सूक्ष्म पंप असतात. ओमेप्राझोल, पँटोप्राझोल, रॅबेप्राझोल, असं नावाच्या शेवटी ‘प्राझोल’ असलेली ही औषधं ते पंप बंद करतात. यातलं पहिलं ओमेप्राझोल, ते १९८८ साली बाजारात आलं. अल्सरच्या रुग्णांना या औषधांनी फार मोठा दिलासा दिला, हे आधी मान्य करू.

आता एक गंमत बघा. गोळी फक्त चालू असलेला पंप बंद करू शकते आणि पंप चालू होतात ते जेवताना. म्हणून ती खाण्याच्या अर्धा ते एक तास आधी घ्यायची. जेवणानंतर जळजळ झाली म्हणून घेतली, तर फायदा कमी. आणि ती चावायची किंवा कुटायची नाही, कारण वरचं आवरण गेलं तर जठरातलं आम्लच औषध निकामी करतं.

दुष्परिणामांचं काय? थोड्या दिवसांत डोकेदुखी, जुलाब किंवा बद्धकोष्ठ होऊ शकतं. ते बहुधा किरकोळ असतं. वर्षानुवर्षं घेतली तर गोष्ट वेगळी. अन्नातलं बी-१२ सुटं व्हायला आम्ल लागतं. समजा, एखाद्या शाकाहारी आजींना मधुमेह आहे, त्यासाठी मेटफॉर्मिन चालू आहे आणि वर रोज ही गोळी. बी-१२ कमी होण्याची तीन कारणं एका ठिकाणी आली. पायाला मुंग्या आल्या की सगळे म्हणणार, ‘साखरेमुळे असेल.’ पण एकदा बी-१२ तपासून घ्या ना! काहींचं मॅग्नेशियमही उतरतं. क्वचित मूत्रपिंडाला सूज येते.

मात्र घाबरून जाऊ नका. १७ हजारांहून जास्त रुग्णांवर पँटोप्राझोलची सुमारे तीन वर्षं चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०१९ मध्ये आले. निम्म्यांना खरी गोळी, निम्म्यांना औषध नसलेली. आतड्यांचे संसर्ग खऱ्या गोळीवाल्यांत थोडे जास्त दिसले. हाडं मोडणं, मूत्रपिंडाचे आजार यांत ठळक फरक दिसला नाही.

मग लोकांची गोळी सुटत का नाही? आम्ल कमी झालं की शरीर गॅस्ट्रिन नावाचं संप्रेरक वाढवतं, म्हणजे ‘आम्ल करा’ असा निरोप मोठ्यानं जायला लागतो. गोळी एकदम थांबवली की पंप मोकळे होतात आणि आम्ल उसळतं. डेन्मार्कमध्ये जळजळीचा त्रास नसलेल्या लोकांना आठ आठवडे अशी गोळी देऊन थांबवली. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ४४ टक्के लोकांना नंतर आम्लाचा त्रास झाला. नुसती औषधाविना गोळी घेणाऱ्यांत तो १५ टक्के होता. बघा, त्रास नव्हताच, तो गोळी थांबवल्यामुळे आला! आपण मात्र म्हणतो, ‘बघा, मला गोळीशिवाय चालतच नाही.’

आणखी एक. पाकिटावर नावापुढे ‘डी’ दिसला तर बहुधा त्यात डॉमपेरिडोन असतं. ते मळमळ-उलटीचं औषध. हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडण्याचा धोका असल्यामुळे युरोपच्या औषध नियामकांनी २०१४ मध्ये ते फक्त मळमळ-उलटीसाठी आणि साधारण आठवडाभरच द्यावं असं ठरवलं. जळजळीसाठी रोज ‘डी’वाली गोळी घेत असाल, तर त्या ‘डी’ची गरज आहे का, हे डॉक्टरांना विचारा.

प्रश्न (श्रोत्यांमधून) : मग उद्यापासून बंद करू का?

नाही, काका, स्वतःहून नको. अल्सरमधून रक्तस्राव झालेले, अन्ननलिकेला जखमा असलेले, हृदयासाठी अ‍ॅस्पिरिन घेणारे वयस्कर लोक यांना ती गोळी संरक्षण देते. बाकीच्यांनी डॉक्टरांना चिठ्ठी दाखवून विचारावं, ‘ही अजून लागते का?’ नको असेल तर डोस हळूहळू कमी करता येतो. मधल्या दोन-चार आठवड्यांत जळजळ झाली तर साधं अँटासिड पुरतं. रात्रीचं जेवण झोपण्याच्या दोन-तीन तास आधी, पलंगाची डोक्याकडची बाजू उंच, पोटाचा घेर कमी, याचाही उपयोग होतो.

आणि गिळताना अडकणं, काळी शी, रक्ताची उलटी, कारणाशिवाय वजन घटणं, यातलं काही असेल तर गोळीवर दिवस काढू नका, लगेच डॉक्टर गाठा. छातीतली कळ हातात किंवा जबड्यात जात असेल, दरदरून घाम येत असेल, तर ते पित्त समजून घरी बसू नका. सरळ रुग्णालयात जा.