कड्यावरून पडलेल्याला घाईने उचलू नका

पावसाळा लागला की आपल्या वस्त्यांतली मुलेमुली लेणी आणि गडकिल्ले पाहायला निघतात. काही जण दोर लावून प्रस्तरारोहणही शिकतात. पावसात सह्याद्रीचा कातळ शेवाळतो आणि पाय घसरतो. कोणी पडले की सोबतचे मित्र धावतात, काखेत हात घालून त्याला बसवतात, पाणी पाजतात. मायेपोटी केलेली हीच गोष्ट कधी कधी त्याला आयुष्यभर अंथरुणाला खिळवते. म्हणून आम्ही हे सविस्तर सांगत आहोत.

पाठीच्या मणक्यांतून मज्जारज्जू जातो. पडल्यावर मणका मोडला तरी रज्जू शाबूत असू शकतो. पण ओढाताणीत मोडलेले हाड सरकले, तर हातापायांतली ताकद कायमची जाऊ शकते. म्हणून वरून दगड कोसळत असतील किंवा पाणी चढत असेल तरच जखमीला हलवा.

मग काय करावे?

१. आधी स्वतःची जागा सुरक्षित आहे का ते पाहा. घाईत दुसराही पडतो.

२. 112 किंवा 108 ला फोन करा. गडाचे नाव, वाट, जखमी शुद्धीवर आहे की नाही, हे सांगा. रेंज नसेल तर दोघांनी पायथ्याच्या गावात जावे, एकाने जखमीजवळ थांबावे. लोणावळ्याच्या ‘शिवदुर्ग मित्र’सारखी स्वयंसेवकांची पथके दोर आणि स्ट्रेचर घेऊन मदतीला येतात.

३. एकाने दोन्ही हातांनी जखमीचे डोके आहे तसेच स्थिर धरावे. उलटी आली तर सर्वांनी मिळून डोके, मान, पाठ एका रेषेत ठेवून त्याला कुशीवर वळवावे.

४. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाने घट्ट दाबून धरा. कापड भिजले तर काढू नका, त्यावरच दुसरे ठेवा.

५. श्वास बंद असेल तर छातीच्या मधोमध मिनिटाला 100 ते 120 वेळा जोराने दाबत राहा. तेव्हा मणक्यापेक्षा जीव मोठा.

६. अंगाखाली आणि अंगावर जाकीट, चादर, प्लास्टिक घाला. अंग गार पडले की रक्त लवकर गोठत नाही.

७. पाणी, चहा काही देऊ नका. शस्त्रक्रियेची वेळ आली तर पोटातले श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो.

दोराला निपचित लटकलेल्या माणसाची गोष्ट वेगळी. त्याच्या पायांत रक्त साचते आणि काही मिनिटांत शुद्ध हरपू शकते. शुद्धीवर असेल तर त्याला पाय हलवत राहायला सांगा. त्याला लवकर खाली घ्या आणि आडवे झोपवा. उंच इमारतींना दोरावर लटकून रंग देणाऱ्या, काचा पुसणाऱ्या आपल्या कष्टकरी भावांनाही हेच लागू आहे.

पडलेला माणूस उठून चालू लागला, तरी डोकेदुखी, उलटी, गुंगी किंवा पोटात दुखणे सुरू झाल्यास त्याच दिवशी दवाखाना गाठा. खर्चाच्या भीतीने थांबू नका. 108 ची रुग्णवाहिका मोफत आहे, आणि महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या रुग्णालयात आरोग्यमित्र माहिती देतो.

रविवारी विहारात जमाल तेव्हा डोके धरण्याचा आणि कुशीवर वळवण्याचा सराव एकदा करून पाहा. दहा मिनिटे पुरतात.